उन्हाचा डाग, सुनेचं नाव

धुळ्याच्या दवाखान्यात मी बायकांच्या बाजूला कामाला होते, ते थेट इंग्रज जाईपर्यंत. इतक्या वर्षांत माणसाजवळ पैसा साचत नाही, पण किस्से साचतात! चार बायका जमल्या की म्हणतात, "अक्का, ते उन्हाचं सांगा ना." उन्हानं अंगावर उठणाऱ्या रोगाचं, म्हणजे. आमच्याकडे ऊन काही कमी नाही, आणि डाग उठला की उन्हाला कोणी बोलत नाही. सुनेला बोलतात. तुळशी नावाच्या सुनेचा संसार तर त्यापायी मोडायला आला होता. तिचं शेवटी सांगते, कारण ते सांगून झालं की मला दुसरं काही सुचत नाही.

*

आधी आमची रीत सांगते. बाई परपुरुषाला पाठ उघडी करून दाखवायची नाही, मग तो डॉक्टर का असेना. म्हणून मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे मी आणि बाई, पलीकडे डॉक्टर. मी चौथी पास. रोगाची इंग्रजी नावं मला कुठली यायला? मी पाटीवर माणूस काढायची, जिथे डाग तिथे खडू फासायची आणि पाटी पडद्याखालून सरकवायची. डॉक्टर निदान करायचे ते पाटीचं!

एकदा नंदुरबारकडची बाई आली. डावा हात आणि मानेची डावी बाजू लाललाल, बाकी अंग स्वच्छ. पाटी पलीकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "अक्का, ही पदर उजव्या खांद्यावर घेते का? गुजराती पद्धतीनं?"

मी बघितलं, तर खरंच! पदर झाकतो ती बाजू बरी, उघडी राहते ती भाजलेली.

बाईला मात्र एकच धास्ती. "महारोग त नही ना वं, माय?" सासूनं तिचं ताट वेगळं केलं होतं. मी टाचणी घेतली आणि डागावर टोचली.

"मरी जा तुन्हा हात!" ती केवढ्यानं ओरडली!

पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "शाबास! टोचलेलं कळतंय. महारोग नाही. घरी जाऊन सासूला असंच मोठ्यानं सांग!"

*

पुरुषांना पडदा नव्हता, पण अक्कलही नव्हती. एकाच्या कपाळावर पांढरा डाग. वैद्यानं बावचीचं तेल दिलं आणि सांगितलं, लावून सकाळच्या उन्हात घटकाभर बस. हा आला तो कपाळावर हे एवढाले फोड घेऊन.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ बसलात?"

"दिनभर बसनू, साहेब. गुन लवकर येवाले पाहिजे ना!"

"तेल वैद्याचं. दिवसभर बसायची अक्कल कोणाची?"

त्यानं बाजूच्या बायकोकडे बोट दाखवलं. "हिनी!"

ती बिचारी घुंगट ओढून हळूच म्हणाली, "मी त जेवाले बलावी ऱ्हायनू हुतू." हाक मारत होती ती त्याला, ये म्हणून. मी त्या माणसाला फोडावर औषध लावताना जरा जोरातच लावलं. खोटं कशाला बोलू?

*

असोद्याचे एक नाना दर चैत्रात यायचे. हातांना खाज, मानेला पुरळ. डॉक्टर म्हणायचे ऊन, नाना म्हणायचे वांगी. "साठ वर्सं ह्याच उन्हात कपाशी केली मी. आता ते माले चावीन का?" घरात सुनेनं वांगं केलं की तिचा उद्धार. पोरीनं वांगी सोडली, मिरची सोडली, तरी पुरळ यायचंच आणि शिव्याही यायच्याच.

शेवटी डॉक्टरांनी नानांच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत जाड पट्टी बांधली आणि मधे कात्रीनं चौकोन कापला. खिडकीच म्हणा! दोन दिवस नानांना ओट्यावर उन्हात बसवलं. जेवायला दोन्ही वेळा वांग्याचं भरीत दिलं, ते मी केलं होतं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. चौकोनापुरतं लालभडक पुरळ, बाजूचं कातडं कोरं!

नाना बराच वेळ हात वळवून बघत राहिले. मग मला म्हणाले, "अक्का, उन्हाले कसं समजलं, खिडकी कुठी हाय ते?"

*

एका सुनेला डॉक्टरांनी छत्री लिहून दिली. हो, औषधाच्या चिठ्ठीवर! उन्हात कपाशी वेचून तिचा चेहरा पुरळानं भरला होता. सासू फणफणली, "सासऱ्याम्होरे सून छत्री धरी? गाव काय म्हनी?"

मी म्हटलं, "छत्री औषध आहे. औषध बंद केलं तर आमची जबाबदारी नाही!"

औषध म्हटल्यावर सासू नरमली. चिठ्ठी उलटीसुलटी करून विचारते, "जेवनना आगोदर का मांगून?"

पंधरा दिवसांनी दोघी आल्या. सुनेचा चेहरा निवळला होता. छत्री सासूच्या डोक्यावर! म्हणाली, "माले बी जराशी खाज शे."

*

आता तुळशी. दुसरेपणावर दिलेली, वय असेल अठरा. पहिलीची तीन वर्षांची पोर हिच्या पदरात. एका दुपारी नवरा, सासू, तुळशी आणि पोर असे सगळे आले. पोरीच्या पाठीवर पाच बोटं उठलेली, तपकिरी, कडेला बारीक फोड.

सासू म्हणाली, "सावत्र ती सावत्रच! कशी मारी देखा पोरले!"

तुळशी म्हणाली, "मी नही मारं." दोन दिवस ती एवढंच म्हणत होती. नवऱ्याची बैलगाडी बाहेर उभी होती, तीत तुळशीची ट्रंक. "डाक्टरसाहेब, मार शे इतलं सांगा. आठेनच तिले माहेरले धाडी देस." आईबाप नसलेली पोर ती. माहेर म्हणजे भावजयीचा उंबरा.

डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. सूज नाही, मुका मार नाही. विचारलं, "तीन-चार दिवसांत घरी काही कार्य होतं?"

सासू खुलली. "हळद हुती ना पुतन्यानी! सरबतले टोपलंभर लिंबू मी एकलीनी पिळं. मन्हा हातसारखा रस कोनाच हातले निघत नही!"

"आणि पोर?"

"उघडीच फिरे आंगनमा. उचली उचली खाटवर बसाडं मीनी."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, हा मार नाही. लिंबाचा रस कातडीला लागला आणि वरून कडक ऊन. जिथे हात लागला तिथे हात उठला. सांगतो त्यांना."

मी म्हटलं, "डॉक्टर, सांगा, पण थोडं थांबून. आधी तिघांना त्या डागावर हात लावू देत."

मी तुळशीचा पंजा धरला आणि त्या डागावर ठेवला. एवढासा हात, बोटं डागाच्या आतच राहिली. नवऱ्याचा ठेवला, तो बाहेर गेला. मग म्हटलं, "आजी, तुम्ही."

"मी कसाले?"

"ठेवा."

ठेवला. पाचही बोटं बसली. डागातली करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती. म्हातारीचीही तशीच वाकडी.

नवरा आईकडे बघायला लागला, जसा दोन दिवस बायकोकडे बघत होता तसाच. म्हातारीनं हात झटकन ओढला. रडकुंडीला येऊन ओरडली, "हात मन्हा शे, पन मी नही मारं! देवनी आन, मी नही मारं!"

तुळशीनं पोरीला मांडीवर घेतलं, तिची पाठ पदरानं झाकली आणि म्हणाली, "मन्हा इस्वास शे, आत्याबाई."