शहागडचा हवापालट आणि बारा वाट्यांचं बकरं

ह्यांचा टायफॉईड उतरून दोन महिने झाले, तरी अंगात ताकद येईना. पलंगावरून उठायचे, दारापर्यंत जायचे आणि धापा टाकत खुर्चीत बसायचे. डॉक्टर म्हणाले, "कोरड्या हवेत पंधरा दिवस न्या आणि मटणाचं सूप पाजा." ह्यांच्या ऑफिसातल्या एका मारवाडी मित्राचे मामा शहागडला दुकानदार. गोदावरीजवळ घर, वरची खोली रिकामी. लगेच ठरलं. तिथं मटण कुठून आणायचं, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ठाण्याहून मनमाड, तिथून लहान गाडीने जालना, मग अंबडवरून मोटार. जाणाऱ्यांनी मोटारीत पुढची जागा धरावी. मागे बसून आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा धुळीने एकमेकांना ओळखू येत नव्हतो. आणखी एक. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी लोक भाव निजामी हाली रुपयांत सांगतात. "कल्दारात किती?" म्हणजे आपल्या रुपयांत किती, हे आधी विचारावं; पुढचा वाद वाचतो. मी आधी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी घराखालच्या, मामाजींच्याच दुकानात गेले. तूरडाळ, ज्वारी, गूळ, सगळं उत्तम.

"आणि कांदे-बटाटे?"

"आम्ही खात न्हाई, म्हणून ठेवत न्हाई."

"भाजी?"

"बाजारात. बाजार काल झाला. आता आठ दिवसांनी."

पंधरा दिवसांची सुट्टी आणि पहिले आठ दिवस डाळ! शेवटी धीर करून मटणाचं विचारलं. मामाजींनी नजर तराजूकडे वळवली. "मशिदीमागं करीमभाई हाय. पण वैनी, ते घरात आणू नका. बाकी घर तुमचंच."

करीमभाई अंगणात सुरी घासत बसले होते. मला हायसं वाटलं.

"अर्धा शेर द्या, हाडांसकट."

"आज कुठलं बाई? बारा वाटे लागल्याबिगर मी बकरं कापत न्हाई. या गरमीत उरलं तर टाकू कुठं?"

"मग कधी कापणार?"

त्यांनी बोटांवर वार मोजायला सुरुवात केली. "आज शनिवार, मारुतीचा. सोमवार महादेवाचा. मंगळवारी एकादस. उद्या जमलं तर जमलं, न्हाईतर थेट बुधवारी. पण पाचच वाटे लागलेत. बाकीचे सात कोण घेतंय, बोला!"

मी संतापून परत निघाले. खोलीत आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. ताटातल्या भाताला हात लावलेला नव्हता. "राहू दे, मला काही नको," म्हणाले. तो आवाज मला ऐकवेना. तशीच पायात चपला सरकवून बाहेर पडले.

आयुष्यात मी कधी कुणाला काही विकलं नव्हतं. त्या दुपारी मी शहागडभर बकरं विकत फिरले. शाळेच्या हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाणीही न पिता उठले. मोटारीच्या ड्रायव्हरने एक वाटा घेतला, पण आधी अर्धा तास त्याच्या सासूच्या तक्रारी ऐकून घ्याव्या लागल्या. नदीवरच्या नावाड्यांनी आपसात भांडून दोन घेतले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "बकरं मी तपासलंय, चांगलं आहे," आणि स्वतः मात्र घेतलं नाही! पटवाऱ्याच्या बायकोने विचारलं, "एवढ्या उन्हात कुणासाठी फिरून राह्यल्या?" मी सांगितलं. तिने एक वाटा स्वतःला लावला आणि एक शेजारणीच्या नावावर, तिला न विचारताच. उरलेले दोन मी घेतले. बारा!

रविवारी सकाळी पळसाच्या पानांवर बारा ढीग मांडले होते. करीमभाईंनी माझ्या ढिगात बकऱ्याचे पायही टाकले. "रश्श्याला लागतील." आता शिजवायचं कुठं? त्यांची आई, अमीनाबी, चुलीशीच होती. म्हणाली, "माझ्या चुलीवर शिजव."

"पण न्यायचं कसं? त्या घरात चालत नाही."

"मंग त्यालाच घेऊन ये की इथं."

दोन फर्लांगांचं अंतर. हे म्हणाले, "मला जमणार नाही." माझा तोल सुटला. "गावभर मी बकरं विकलं, आणि तुम्हाला दोन फर्लांग चालवत नाही? मग मी काय करू, सांगा तरी!" आणि रडायलाच आलं. ह्यांनी उशाचा सदरा ओढून अंगात घातला. मग भिंतीला धरून उठले.

खाली उतरलो तर मामाजी गल्ल्यावरून उठले, छत्री उघडून ह्यांच्या डोक्यावर धरली आणि बरोबर चालू लागले. चार वेळा थांबलो. मशिदीच्या कोपऱ्यावर मामाजींनी छत्री माझ्या हातात दिली. "इथून पुढं तुम्ही जावा. मी इथंच हाय."

अमीनाबीने घोंगडी अंथरली होती. पहिली वाटी ह्यांनी नाक मुरडत घेतली. दुसरी मागून घेतली. तिसरीच्या वेळी अमीनाबी हसून म्हणाली, "बस कर बेटा, उद्या बी चूल पेटती."

पुढे हे रोज चालले, आधी मशिदीपर्यंत, मग नदीपर्यंत. निघायच्या दिवशी ड्रायव्हरने पुढची जागा राखली होती. पटवारीणबाई मोटारीपाशी येऊन ह्यांना निरखत म्हणाल्या, "लागला म्हणायचा रस्सा!"

शहागडला जाणाऱ्यांनी कांदे, लसूण, चहा बरोबर न्यावा आणि संयम भरपूर न्यावा. माझा तिसऱ्या दिवशीच संपला होता. पुन्हा जाशील का, असं कुणी विचारलं तर मी आधी नाहीच म्हणते.

हे आता ऑफिसला जातात. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक बाई कित्येक दिवस अंथरुणाला खिळून आहेत. येता-जाता त्यांचा खोकला ऐकू येई, त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात जिना चढून गेले आणि विचारलं, "तुम्हाला काय खावंसं वाटतं?" त्यांनी सरकून अंथरुणावर थोडी जागा केली. मग म्हणाल्या, "बसा ना थोडं."