चार दगडांखालचं घर

आमचं घर दरवर्षी आम्हीच मोडायचो, आणि तेच आमच्या मुळावर आलं.

आईवडील तापीकाठचे, मासेमारी करणारे. धुळ्याला पांझरेच्या काठी येऊन राहिले. मिरग लागला की मासळी अंड्यावर येते, तेव्हा जाळं टाकायचं नाही, हा आमच्यातला दंडक. शिवाय पुराची धास्ती. म्हणून घराचे पत्रे, खांब काढायचे, खांबांच्या खड्ड्यांत गाळ भरू नये म्हणून वर चपटे दगड ठेवायचे आणि गावी जायचं. दसऱ्याला येऊन त्याच खड्ड्यांत खांब उभे करायचे.

पुढे काठानं रस्ता झाला, जमिनीला भाव आला आणि वस्ती उठवायचं ठरलं. पाहणी झाली नेमकी श्रावणात. कागदावर आमची जागा 'रिकामी' लागली. यादीत नाव नाही त्याला बदली जागाही नाही. मी भयंकर चिडले, साहेबांवर कमी आणि मायवर जास्त. घर स्वतःच्या हातानं मोडून ठेवणारी माणसं मी दुसरी पाहिली नव्हती.

वडील तोवर गेले होते. अर्जांवर अर्ज करून मी फेरपाहणी मिळवली, तीही पुन्हा पावसाळ्यातच. तरी मायनं घर उतरवलंच. पत्रे धुळ्यातल्याच देवपूरच्या माझ्या खोलीत आणून टाकले. गावी मात्र गेली नाही. रोज सकाळी त्या उघड्या जागेवर डोक्यावर प्लास्टिक घेऊन जाळं विणत बसायची. पाणी चढलं की वर यायची, ओसरलं की परत खाली. लोक हसायचे. हसोत बापडे.

एक दिवस पाहणीचे साहेब आले. "आजी, इथं घर कुठंय?"

"साहेब, चार महिना आम्ही जागा नदीले देतस. तुमले नही दिनी." तिनं चिखल बाजूला सारून चारही दगड उचलले. "हात घाली देखा."

साहेबांनी बाही वर केली. हात कोपरापर्यंत आत गेला. मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

यादी अजून लागलेली नाही. दसऱ्याला खांब रोवायला मी गेले, तेव्हा माय म्हणाली, "आते तू घाल हात." घातला. तळाशी वडिलांनी ठोकून बसवलेले दगड हाताला लागले. मायवर चिडल्याची लाज वाटली.

खांब उभा केला. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही.