ताईने सानूसाठी लिहिलेली फाइल

फोन सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आला. मी ठाण्यात खोपटला घरी दाढी करत होतो. सानिका म्हणाली, "मामा, आई गेली." मी विचारलं, "किती वाजता?" ही विचारायची गोष्ट नव्हती, हे मला कळत होतं. पण घाबरलो की मी आकडे विचारतो. ताईला ते ठाऊक होतं. लहानपणी वीज गेली की ती म्हणायची, "विनू, शंभरपर्यंत मोज, तोवर येते." वीज यायचीच असं नाही, पण ती मेणबत्ती शोधेपर्यंत माझं रडणं थांबलेलं असायचं. त्या सकाळी मी सत्तेचाळीसपर्यंत मोजलं आणि अर्ध्या दाढीनिशी तसाच पलंगावर बसून राहिलो...

शैलाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. डोंबिवली पूर्वेला तिचं दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची खोली म्हणजे तिचं ऑफिस. भावजी अचानक गेले तेव्हा सानू सहावीत होती. ताईने एक कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंग शिकली आणि त्यावर घर चालवलं. लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं, पीएचडीचे प्रबंध, मृत्युपत्रं, घटस्फोटाच्या अर्जांचे मसुदे, सगळं तिच्या हाताखालून गेलं. इमारतीतल्या एका बाईंनी एकदा चहा पिता पिता सहज विचारलं, "वरच्या काकांनी फ्लॅट कुणाच्या नावावर केला हो?" ताई म्हणाली, "माझे हात टाइप करतात, मी वाचत नाही." त्या गेल्यावर मी तिला चिडवलं, "वाचत नाहीस, मग लोकांचं शुद्धलेखन कसं सुधारतेस?" तर म्हणाली, "ते डोळे सुधारतात. तोंडाला सांगत नाहीत." हे ती गमतीत म्हणाली खरी, पण ती तशीच वागली. इतक्या वर्षांत एका घरातली गोष्ट तिने दुसऱ्या घरात नेली नाही.

ती जाण्याच्या नऊ दिवस आधी मी तिच्याकडे गेलेलो. पलंगापाशी नव्या कॉम्प्युटरचा खोका होता, न उघडलेला. तो तिने आजारपणात मागवलेला, सानूसाठी. जुना सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा आणि आतून किरकिर आवाज करायचा. ताई म्हणाली, "दोन कामं सांगते. सगळं नव्यावर गेलं की जुनी डिस्क पुसून टाक. नीट पूस. लोकांची मृत्युपत्रं आहेत तिच्यात, ती भंगारात जायची नाहीत." मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि सानूच्या नावाची एक फाइल आहे. तिच्यासाठी लिहिलंय थोडं. मी गेल्यावर तिला दे. तू वाचायची नाहीस." मी म्हटलं, "नाही वाचणार." ती हसली. "तू नाहीच वाचणार रे. म्हणून तर तुला सांगतेय."

ती गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी कामाला बसलो. जुन्या डिस्कची किरकिर वाढली होती आणि मध्येच ती थांबली की माझाही श्वास थांबायचा. मी कागदावर दोन रकाने आखले, जुनं आणि नवं. प्रत्येक फोल्डरपुढे फायलींची संख्या लिहिली. तिच्या सेटिंग्जसुद्धा जशाच्या तशा नेल्या. माउसचा बाण तिने सर्वांत मोठा केलेला, पडद्यावरची अक्षरं दीडपट. ती किती दिवस असं डोळे ताणून काम करत होती, ते मला तिथे कळलं. मग ब्राउझरमधले बुकमार्क. एकूण दोनशे बारा. वरचे शब्दकोशाचे, पत्रिकांच्या नक्ष्यांचे, सानूच्या कॉलेजचे. शेवटाकडचे एकोणीस एकाच आजाराचे. त्यांच्यानंतर नव्या कॉम्प्युटरच्या किमतींचे तीन. म्हणजे आधी तिने आजाराबद्दल वाचलं, मग खोका मागवला, आणि त्यानंतर कधीतरी आम्हाला सांगितलं. ते सांगितलं तेव्हा खोका येऊन चार महिने झालेले. तेवढे दिवस ती आमच्याशी फोनवर भाजीच्या भावाबद्दल बोलत होती... मी ते एकोणीसही नेले. काय गाळायचं हे ठरवणारा मी कोण?

शेवटी बेरीज केली. जुन्यावर १८,४०६ फायली, नव्यावर १८,४०६. खात्री म्हणून दहा फायली उघडल्या, दहाही छान उघडल्या. सानूची फाइल उघडली नाही. मग ताईला शब्द दिल्याप्रमाणे जुनी डिस्क पुसली, एकदा नाही, तीनदा, म्हणजे कुणालाही काही परत मिळवता येऊ नये. त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

तिसऱ्या दिवशी सानूचा फोन. ती कोलशेतला राहते. नवं मशीन मी तिच्याकडे पोचवलेलं आणि फाइलचं सांगितलेलं. सगळ्या फायलींची एक कॉपी खबरदारी म्हणून माझ्या लॅपटॉपवर ठेवली होती. "मामा, आईची फाइल उघडली. काहीतरी भलतंच दिसतंय. इंग्लिश अक्षरं, कंस, टक्के... सहा पानं अशीच आहेत." मी म्हटलं, "सेटिंग राहिलं असेल. बघतो मी." तिने विचारलं, "जुनं मशीन आहे ना?" मी म्हटलं, "आहे." मशीन होतं. माझ्यासमोरच होतं. आत काही नव्हतं, एवढंच मी बोललो नाही.

फोन ठेवला. मला एका मिनिटात सगळं कळलं. ताईचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता. तशा फायलीत मराठी नसतंच, नुसती इंग्रजी अक्षरं असतात. त्यांना मराठी चेहरा देतो तो फॉन्ट. आणि फॉन्ट तिच्या फोल्डरांमध्ये नव्हता, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोटात होता. तो मी नेला नाही, पुसला मात्र तीनदा. उघडून पाहिलेल्या दहा फायली फोटो नाहीतर पीडीएफ होत्या, त्यांना फॉन्ट वेगळा लागत नाही. जी एक फाइल उघडून पाहायला हवी होती, ती न उघडण्याचा मी शब्द दिलेला. ताईने आयुष्यात सानूसाठी लिहिलेली सहा पानं... आकडा जुळला म्हणून मी जेवलो होतो. मग इंटरनेटवरून सापडतील तेवढे मराठी फॉन्ट उतरवले, तिच्या इतर फायलींवर लावून पाहिले. एकानेही धड शब्द दिला नाही. चार दिवस सानूचा फोन वाजला की मी आधी पाणी प्यायचो आणि मग उचलायचो.

पाचव्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या दळवींची आठवण झाली. त्यांचा छोटा छापखाना, ताई त्यांना वर्षानुवर्षं पत्रिका करून द्यायची. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. दळवी म्हणाले, "ताईंचा फॉन्ट? आमच्याकडे चार आहेत. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाचं कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नाही. दाखवा फाइल." मी म्हटलं, "ती उघडायची नाही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, पेशंट न दाखवता औषध मागताय." मी सांगितलं, ताईने वाचायची नाही म्हटलंय. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "ताईंचंच काम ते. बरं, त्यांची दुसरी कुठलीही फाइल द्या."

मी एका लग्नपत्रिकेची फाइल दिली. पहिला फॉन्ट लावला, कचरा. दुसरा, तसाच कचरा. तिसऱ्याला काही अक्षरं मराठी झाली, पण शब्द होईनात. दळवी म्हणाले, "घाम पुसा साहेब, कीबोर्डवर पडतोय." चौथा लावला आणि पडद्यावर एकदम उमटलं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून...' कुठल्या घरचं लग्न, कोण वधूवर, मला काही माहीत नव्हतं. पण मी ती ओळ तीनदा वाचली. दळवींनी फॉन्ट पेन ड्राइव्हवर दिला. "पैसे विचारू नका," म्हणाले. "माझ्या मुलाची दहावीची निबंधवही तपासून द्यायच्या त्या. आम्हाला कधी बिल नाही आलं."

कोलशेतपर्यंत रिक्षात एकच भीती. पत्रिका एका फॉन्टमध्ये आणि सानूची फाइल दुसऱ्यात असेल तर? लोकांच्या कामाला एक, घरच्या लिखाणाला वेगळा, असं तिने केलं असेल तर? सानूने दार उघडलं तेव्हा मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. डिस्क पुसली, तीनदा पुसली, आणि फोनवर तुझ्यापासून लपवलं. ती म्हणाली, "चार दिवस तुझा आवाज असा येत होता, की मला वाटलं तुलाच काही झालंय." मी फॉन्ट चढवला. फाइलच्या नावावर बाण आणून ठेवला, तो मोठा बाण, आणि खुर्चीवरून उठलो. "तू उघड. मी बाहेर थांबतो."

मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. आतून काही ऐकू येईना. वाचता येत नसतं तर तिने हाक मारली असती, असं मी स्वतःला सांगत होतो. मग वाटलं, कदाचित सांगायचा धीर होत नसेल. अडतीस मिनिटं झाली. ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "सगळं नीट दिसतंय," म्हणाली. मी ओट्याला टेकलो. तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "मामा, याच्या कॉपी किती आहेत?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं, तीन. इथली, माझ्या लॅपटॉपवरची आणि पेन ड्राइव्हवरची. भीतीपोटी करून ठेवलेल्या.

"इथली राहू दे. बाकीच्या पुसून टाक."

"अगं, एकच? हे मशीन उद्या बंद पडलं तर?"

"पडू दे. आईला आवडलं नसतं तीन ठिकाणी."

मी ग्लास खाली ठेवला. पेन ड्राइव्हवरची तिच्यासमोरच पुसली. लॅपटॉपवरची घरी आल्यावर. पेन ड्राइव्हवर फॉन्ट होताच, तो चढवून फाइल उघडली असती तर सहा पानं समोर आली असती. मी नावावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. 'पुसायची का?' असं यंत्राने विचारलं. ताईची, मी कधी आत न गेलेली अशी ही एकच खोली माझ्याकडे उरली होती... मी 'हो' दाबलं. आता माझ्या लॅपटॉपवर ताईच्या १८,४०५ फायली आहेत. कोलशेतचं ते मशीन नीट सुरू झालं का, हे मी रोज सकाळी सानूला फोन करून विचारतो. ती म्हणते, "झालं रे मामा." मग मी दाढी करतो.