मामी दारात आली की

मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिच्या घरच्यांचं मत. शेजाऱ्यांचंही तेच होतं, आणि खरं सांगायचं तर मामीलाही ते मान्य होतं. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाच्या टकलावर एकाएकी केस कुठून आले, ही माहिती आधी मामीकडे यायची आणि चहा गाळून होईपर्यंत पुढच्या घरी पोचलेली असायची. अशा बाईला इस्पितळाच्या अ‍ॅलर्जी विभागाने नेमकी गुपित सांभाळायची नोकरी द्यावी, आता बोला!

तशी नोकरी स्वयंपाकाची. त्या विभागात एक संशोधन चाललं होतं. लहानपणी शेंगदाण्याचा त्रास झालेली आणि तेव्हापासून दाण्याच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली मुलं आता वयात आली होती. त्यांच्यातल्या किती जणांना तो त्रास अजून आहे, ते बघायचं होतं. मूल दोन वेगवेगळ्या दिवशी यायचं. एका दिवशी दाण्याचं पीठ घातलेलं पुडिंग चमच्याचमच्याने खायचं, दुसऱ्या दिवशी बिनदाण्याचं. कोणत्या दिवशी कोणतं, हे ना मुलाला ठाऊक, ना आईला, ना नर्सला, ना खुद्द डॉक्टरीणबाईंना. "माहीत असलं की माणूस बघायच्या आधीच ठरवून टाकतो," असं त्या म्हणायच्या. माहीत फक्त मामीला, कारण पुडिंग तीच करायची.

दोन्ही पुडिंगं अगदी जुळी. कोको जरा सढळ हाताने, वर चिमूटभर कॉफी, म्हणजे दाण्याचा वास दबतो. बिनदाण्याच्या वाटीत भाजलेल्या ओटचं पीठ, म्हणजे दाटपणा तोच. डॉक्टरीणबाई दोन्ही चाखून हटकून चुकायच्या आणि मामी ॲप्रनआड हसायची. मुलांमध्ये त्या वाट्यांची नावं होती खरी वाटी आणि खोटी वाटी.

आणि आश्चर्य म्हणजे, मामीने गुपित पाळलं. नवऱ्याने कितीदा तरी खोदून विचारलं, "आज कुणाला खरी?"

"तुम्ही तुमचे कांदे चिरा," मामी म्हणायची. नवरा बिचारा डोळे पुसत चिरायचा.

मग एक दिवस नणंदेची मुलगी चाचणीसाठी यायची ठरली. पंधरा वर्षांची पोर. दोन वर्षांची असताना दाण्याच्या एका घासाने तिचं तोंड सुजलं होतं, तेव्हापासून नणंदेने घराचा किल्ला केला होता. कुणाच्या वाढदिवसाला गेली तरी पोरीच्या हातात घरचा डबा. सगळे केक खाताहेत आणि ही कोपऱ्यात डबा उघडून बसली आहे. आता तिला नाटकाच्या शिबिराला जायचं होतं, तेही मैत्रिणींबरोबर, चांगलं महिनाभर. आई म्हणाली, "दोन्ही वाट्या पचल्या तर जा. नाहीतर विषय बंद."

मामीने नातं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. तुम्ही वाटी नर्सकडे द्या आणि आपल्या स्वयंपाकघरात राहा."

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, खरी वाटी कोणत्या दिवशी, एवढंच सांग. मी देवाशप्पथ कुणाला सांगणार नाही."

"ताई, हेच वाक्य म्हणून मी आजवर तुमची किती गुपितं बाहेर काढलीत, आठवतंय ना?"

पलीकडून फोन आपटला गेला.

पहिल्या दिवशी वाटी खोटी होती. मामीला ते माहीत होतं. काळजीचं काही कारण नव्हतं. पण घरची पोर! मामी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पोरीने दुसरा चमचा तोंडात घातला, मान वर केली, मामीला पाहिलं, आणि तिचा हात गळ्याशी गेला.

"घसा दाटतोय. खाज येतेय सगळीकडे."

नर्सने वाटी काढून घेतली. नाडी धावत होती, अंगावर पुरळ मात्र नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने टिपण केलं. मामीची पाचावर धारण बसली. आपल्या हातून पिठं बदलली की काय? ती धावत आत गेली. दाण्याच्या पिठाचा जुना डबा आदल्या दिवशीच संपला होता आणि नव्याचं सील तसंच्या तसं होतं. म्हणजे पोरीच्या पोटात कोको आणि ओटच गेले होते. मग हा घसा कशाने दाटला? हे कोडं मामीच्या डोक्यातून काही जाईना.

सुट्टीच्या दिवशी पोर मामीकडे आली ती तोंड पाडूनच. "शिबिर गेलं. आणि मला आधीच कळलं होतं ती खरी वाटी आहे म्हणून."

"कुणी सांगितलं गं?"

"तूच."

"मी? मी एक अक्षर बोलले नाही!"

"बोलायला कशाला हवं? बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या सगळ्या मुलांना माहीत आहे. मामी दारात आली की खरी वाटी. मामी आत भांडी आपटत गाणं म्हणत असली की खोटी."

मामीला आठवलं. खरंच होतं ते. खऱ्या वाटीच्या दिवशी जीव थाऱ्यावर राहायचा नाही म्हणून ती दारात यायची. आणि ती मुलं, मोबाइलमध्ये नाक खुपसून बसलेली, हाक मारली तर ऐकू न येणारी, त्यांनी बरोबर हेरलं होतं!

"आता पुढची खोटी आहे," पोर सुस्कारा टाकून म्हणाली, "ती मी मजेत खाईन. पण उपयोग काय?"

पुढची तर खरी होती. 'अगं वेडे, उलटं आहे,' एवढं म्हटलं असतं तर पोरीचा चेहरा उजळला असता, आणि चाचणी मातीत गेली असती. मामीने पावाचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला आणि पोर घरी जाईपर्यंत चावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "बाई, गुपित फुटलंय. माझ्याकडूनच. त्या दिवशी माझ्या भाचीची वाटी..."

"थांबा!" डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान झाकले. "कोणती ते सांगू नका!"

"नाही हो, मी दाराचं सांगतेय." मग मामीने सगळं सांगितलं.

बाईंनी हातातलं टिपण बाजूला ठेवलं. "म्हणजे माझी मुलं तुमच्याकडे बघून खाजवत होती?"

"सगळी नाही. काही खरोखर सुजलीसुद्धा."

"पण कोण कशाने, ते आता कसं कळणार? कितीतरी मुलांना परत बोलवावं लागेल."

"मला काढणार ना?"

"तुम्हाला काढलं तर असं पुडिंग कोण करणार? मी दार काढणार आहे."

आणि काढलं. तिथे भिंत आली, भिंतीत वाटी जाईल एवढी सरकती खिडकी आली. पुडिंगं मामीने करायची, पण कोणतं कधी द्यायचं ते दुसऱ्या खोलीत बसून कंपाउंडर ठरवणार. म्हणजे आता मामीलाही पत्ता नाही! गावाची बित्तंबातमी ठेवणाऱ्या बाईची ही अवस्था. भाचीची चाचणी पहिल्यापासून पुन्हा झाली, तेव्हा दोन्ही दिवस मामी भिंतीला कान लावून बसली होती. चमचा वाजायचा. नर्स काहीतरी विचारायची. एकदा पोर हसल्यासारखी वाटली. बाकी शांतता.

काही दिवसांनी खिडकीवर टकटक झाली. "मामी! दोन्ही पचल्या! बाईंनी आत्ता सांगितलं. मी शिबिराला चालले!" मागून नणंदेचं नाक ओढणं ऐकू येत होतं. "आता तरी सांग, त्या दिवशी घसा दाटला ती कोणती होती?"

"कोको आणि ओट."

पोरीचा हात आपोआप गळ्याशी गेला. "पण मला खरंच दाटलं होतं गं."

"मी पाहिलं ना."

"मग ते कशाने?"

"तेच तर मलाही कळायचंय," डॉक्टरीणबाई पलीकडून म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून पोरीसमोर बसल्या. "नक्की काय झालं होतं? आधी खाज, की आधी मामी?"

"सांगते. पण आधी मला दाण्याची एक वाटी हवी. उघड उघड."

बाईंनी मान हलवली, मामीने वाटी भरून सरकवली, आणि बाईंच्या नजरेला नजर मिळताच खिडकी बंद केली. पण राहवतंय कुठे? बोटभर फट ठेवून तिने डोळा लावला.

"मामी," पोर भरल्या तोंडाने ओरडली, "खिडकी लाव! घसा दाटतोय!"