कट्ट्यावरचे दोन म्हातारे

मगदूम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या आमच्या छोट्याशा स्टुडिओत एका साड्यांच्या दुकानाची जाहिरात जुळवत बसले होते. वीस सेकंदांत बारा साड्या बसवायच्या होत्या आणि दुकानदाराला तेरावीही हवी होती. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा होता. "संध्या, सर गेले गं सकाळी. तू ये. आणि हे बघ, त्या बाटल्यांचं काय मनात आणू नगंस. मी टाकून दिल्यात त्या..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेलाय, तिने माझी समजूत काढावी याची मला इतकी लाज वाटली, की रडूही आलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. बाटल्यांचं सांगायचं तर मला बरंच मागे जावं लागेल.

मी मेढ्याची. वडील फौजेत, आई शेतात. साताऱ्याच्या कॉलेजात मी माध्यमशास्त्र हा विषय घेतला, तो टीव्हीवर बातम्या द्यायला मिळतील या समजुतीने. आम्हाला वर्ग मिळाला तो रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा. बाकांवर कोरडे नळ, आणि समोर लोखंडी स्टँडवर टीव्ही. सर सांगलीजवळच्या एका गावातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम असल्यामुळे शेवटचा तास ते ठरल्या मिनिटाला संपवत. 'आपले सर घड्याळावर नाही, सूर्यावर चालतात' असं आम्ही म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी कपडे धुण्याच्या पावडरीची एक जाहिरात लावली आणि आवाज बंद केला. मग तीच जाहिरात आम्हाला टीव्हीकडे पाठ करून बसवून नुसती ऐकवली. "धुतंय कोण, आणि बोलतंय कोण?" त्यांनी विचारलं. धूत होती बाई. बोलत होता पुरुष, आणि तो तर जाहिरातीत कुठे दिसतही नव्हता. आम्ही सगळे लहानपणापासून ती जाहिरात बघत आलो होतो, पण हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. आमचे पडलेले चेहरे बघून सर खूश झाले. परदेशी पंडितांचे सिद्धांत त्यांनी शिकवले ते असे, आधी टाळक्यात टपली आणि मग त्या टपलीचं शास्त्रीय नाव.

एकदा त्यांनी एक बिस्किटांची जाहिरात दाखवली. जवान सुट्टीवर घरी येतो, आई दारातच रडते, तो तिला बिस्कीट भरवतो. सगळा वर्ग हळवा झाला. मी मात्र हसले. सरांनी उभं केलं तेव्हा मी म्हणाले, "सर, आमच्या घरी बाबा आले की आई रडत नाही. ती बंब पेटवते आणि विचारते, किती दिवसांची सुट्टी?" वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंब'. आणि त्या एका शब्दावर तासभर बोलले... जाहिरात करणारा एक अर्थ पाठवतो, बघणारा आपल्या घरातून दुसराच अर्थ काढतो, आणि हा दुसरा अर्थ अडाणीपणातून येत नाही, जगण्यातून येतो. माझ्या आईचा बंब कुणी फळ्यावर लिहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. सिनेमाच्या तासाला एका नाचाच्या प्रसंगावर त्यांनी विचारलं, कॅमेरा इथे कुणाच्या डोळ्यांनी बघतोय? मी तत्परतेने सांगितलं, "समोर बसलेल्या पाटलाच्या." "बरोबर. आणि तू कुणाच्या डोळ्यांनी बघितलंस?" मीही पाटलाच्याच डोळ्यांनी बघितलं होतं. "बोलणाऱ्याकडं सगळेच बघतात," ते म्हणायचे, "गप्प बसलेल्याकडं बघायची सवय लावून घ्या."

त्यांचा सगळ्यात आवडता सिद्धांत मात्र साधा होता. टीव्हीवर बघून माणूस उठून दुकानात जात नाही. ते बघितलेला कुणीतरी ओळखीचा त्याला भेटतो, तो सांगतो, आणि मग माणूस जातो. फळ्यावर ते दोन बाण काढायचे, एक टीव्हीपासून शेजाऱ्यापर्यंत आणि दुसरा शेजाऱ्यापासून आपल्यापर्यंत. "पहिल्या बाणाला घाबरू नका," ते सांगत, "माणूस फसतो तो दुसऱ्या बाणानं. कारण तिथं जाहिरात न्हाई, आपलं माणूस असतंय." परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

पुढे मी सांगलीत जाहिराती करू लागले. कोचिंग क्लास, ट्रॅक्टर, सोन्याची दुकानं... स्थानिक केबलवर लागतात त्या. सर निवृत्त होऊन सांगलीलाच राहायला आले, आणि माझे रविवार त्यांच्याकडे जायला लागले. साडेपाचला ताटं मांडली जायची आणि समोर केबलच्या बातम्या. जाहिरात लागली की सर आवाज बंद करायचे आणि काकूंना विचारायचे, "सांग, काय दिसतंय?" काकू म्हणायच्या, "मला काय दिसणार? तुमच्यापायी माझी भाकरी करपली, ती दिसतीय." सर मान डोलवायचे, जणू हेही उत्तर बरोबरच. वीस वर्षं त्यांना साखरेचा आजार होता. त्यांच्या बिनसाखरेच्या चहाला मी दर रविवारी नावं ठेवायची. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात हळदपेठेतला एक व्यापारी आला. त्याने साखरेच्या आजारावर हळदीचा काढा बाटलीत भरला होता. त्याला पांढरा कोट घातलेला, गळ्यात नळी अडकवलेला डॉक्टर हवा होता. मी नाक मुरडलं. म्हटलं, पांढऱ्या कोटाला आता कुणी भुलत नाही. मी कृष्णेच्या घाटावर गेले. एक निवृत्त एसटी कंडक्टर गाठला, आणि घाटावरच बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसवलं. कंडक्टर म्हणतो, "आवं, मी तीन म्हैनं घेतोय. आता च्यात साखर बी घालतोय की." आणि पिशवीतली बाटली काढून शेजाऱ्याला देतो. बस, एवढंच. आजार बरा होतो असा दावा नाही, डॉक्टर नाही, कुणी बोट ठेवावं असा एक शब्द नाही. सरांचा दुसरा बाण मी जसाच्या तसा कट्ट्यावर नेऊन बसवला होता. त्या कंडक्टरला साखर नव्हती, हे मला माहीत होतं. काढ्यात काय आहे, हे मात्र मी विचारलंही नव्हतं. बाटलीचं लेबलसुद्धा मीच करून दिलं. आणि फुशारकीने ती जाहिरात सरांना पाठवली, खाली लिहिलं, 'सर, गुरूची विद्या गुरूला!' त्यांचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'पांढरा कोट काढलास. शाबास.'

मग कामं वाढली आणि माझे रविवार गळायला लागले. दिवाळीनंतर काकूंचा फोन आला, सरांच्या पायाला जखम झालीय, भरत नाही, मिरजेला दवाखान्यात ठेवलंय. मी पोचले तेव्हा डॉक्टर काकूंना विचारत होते, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" काकू म्हणाल्या, "चार म्हैनं झालं असतील. पर काढा चालू हाय की, एक दिवस चुकवला न्हाई," आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढून पुढे केली. ते लेबल मला चार हातांवरून ओळखू आलं. हळदीचं पान मी स्वतः काढलं होतं.

डॉक्टर गेल्यावर मी सरांजवळ बसले. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच. "सर, तुम्ही? आम्हाला सगळं शिकवणारे तुम्ही..." त्यांनी दुखऱ्या पायावर चादर ओढून घेतली. मग वर्गातली भाषा सोडून, घरच्या बोलीत म्हणाले, "आगं, मी ती जाहिरात म्हणून बघितलीच न्हाई. तू पाठवलीस म्हणून बघितली. सोताचं माणूस खात्री केल्याबिगर दुसऱ्याला सांगायचं न्हाई, असं धरून चाललो." आवाजात राग नव्हता. उत्तरपत्रिकेत सुटलेला एखादा मुद्दा दाखवून द्यावा, तसं ते बोलले. रागावले असते तर मी पाय धरले असते, माफी मागितली असती. त्यांनी मला तेवढीही वाट ठेवली नाही... किंवा त्यांच्या ध्यानीमनीही नसेल की माफी मागायला हवी. थोड्या वेळाने त्यांनी मला खालून पेपर आणायला सांगितलं. आमचं त्यानंतर धड बोलणं झालं नाही.

डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, की मूत्रपिंडं आधीपासूनच थकलेली होती, सगळा दोष गोळ्या बंद केल्याचा असं म्हणता येणार नाही. काही दिवस मी हे वाक्य घट्ट धरून बसते. काही दिवस मात्र मला कळतं, की हेही एक चांगलं जमलेलं वाक्य आहे, आणि चांगली जमलेली वाक्यं कशी असतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी सरांना फसवलं. त्यांनीच दिलेल्या विद्येने फसवलं. शब्दांत कुठे सापडणार नाही अशी काळजी मी घेतली, आणि आता स्वतःला सोडवायलाही मला शब्द सापडत नाहीत. त्या व्यापाऱ्याकडे गेले, म्हटलं, ही जाहिरात बंद करा. तो सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, सरांचं वाईट झालं. पर वय बी झालंतं की त्यांचं. आणि जाहिरात लय छान चाललीय." मी अन्न व औषध खात्याकडे रीतसर तक्रार केलीय, उत्तर आलेलं नाही. म्हणून हे इथे लिहितेय. तुमच्या ओळखीत कुणी ती बाटली घेत असेल, तर त्याला जाऊन सांगा, गोळ्या सोडू नको, आधी डॉक्टरला विचार. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. माणूस ओळखीच्याचंच ऐकतो.

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. त्या अजून साडेपाचलाच ताटं मांडतात. सरांची खुर्ची टीव्हीसमोर तशीच, तिच्या हातावर रिमोट. आम्ही खाली बसून जेवत होतो. बातम्या थांबल्या आणि घाट दिसला, कट्टा दिसला. मी हातातला घास ताटात ठेवला. मी उठणार तोच काकूंनी डावा हात लांबवून रिमोट घेतला. मला वाटलं, त्या टीव्ही बंद करतील. त्यांनी फक्त आवाज बंद केला.

"सांग," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "काय दिसतंय?"

ती जाहिरात मी शंभर वेळा तरी बघितली असेल. दर वेळी कंडक्टरकडे बघायची, कारण वाक्य त्याच्या तोंडी होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं, ज्याला मी एकही वाक्य दिलं नव्हतं, ज्याचं नावही विचारलं नव्हतं.

"एक म्हातारा दुसऱ्याला बाटली देतोय," मी म्हणाले.

"आणि दुसरा?"

"दुसरा... बाटलीकडे बघतच नाही, काकू. तो देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतोय."

काकूंनी मान हलवली. "व्हय," त्या म्हणाल्या. "तुझा मेसेज आला तवा हे बी फोनवरच्या तुझ्या नावाकडं असंच बघत हुते."

मग त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली. बातम्या पुन्हा सुरू झाल्या, पण आवाज कुणीच वाढवला नाही.