आमिनाबीचा हात

पाटोद्याजवळच्या शेडमध्ये सीताफळाचा गर काढायला बायका जोडीनं, समोरासमोर बसतात. एकीनं फळ फोडायचं, दुसरीनं बिया काढायच्या. फोडणारी जशी पळेल, तशी दुसरी पळते. वनमालाकाकूंसमोर कित्येक हंगाम आमिनाबी फळं फोडायला बसायच्या. उन्हाळ्यात त्या वारल्या आणि या हंगामात काकूंचे हात मंदावले.

"काकू, आज हात उचलला न्हाई तर उद्यापासून क्रेट धुवायला," मुकादम हनुमान बजावून गेला. गार पाण्यात काकूंची बोटं आखडायची. म्हणजे कामच सुटणार.

त्या दिवशी समोर बसली वैष्णवी, चकलांब्याहून नुकतीच सून होऊन आलेली. सकाळी ती भीत भीत एकेक फळ फोडत होती. दुपारी परातीत फळं धडाधड पडायला लागली. मग ती प्रत्येक फळाला अंगठ्यानं टिचकी मारून पुटपुटू लागली, "चल बेटी, चल."

काकूंनी चमकून वर बघितलं. ही तर आमिनाबीची लकब.

"तू आमिनाबीला बघितलंतं का गं?"

"कोन आमिनाबी?"

तेवढ्यात हनुमान परातीत डोकावला. "वा काकू, लई भारी जोडी जमली! बसा आता हितंच."

जागा वाचली. तो पुढं जाताच काकू हळूच म्हणाल्या, "पोरी, जरा दमानं घे. कावून एवढी पळतीस?"

वैष्णवी रडकुंडीला आली होती. "मी कुठं पळतीय? तुमचेच हात आधी म्होरं येत्यात, फळ मागत्यात. तुमी थांबा, म्हंजे मला थांबता येईल."

काकूंनी हात मांडीवर घ्यायला बघितलं. हात परातीवरच राहिले, पुढच्या फळासाठी पसरलेले.