पेढ्याच्या डब्यातला दगड

मारोतराव गेल्याचं मला एसटीतच कळलं. त्यांच्या बाबतीत दुसरीकडे कुठे कळणार होतं म्हणा! हिंगणघाटहून समुद्रपूरला येत होतो. कंडक्टर नवा पोरगेला होता, मशीनमधून तिकीट काढता काढता सहज बोलून गेला, "मास्तर, ते दगडवाले कंडक्टर गेले ना. काल सकाळी. अटॅक." तिकीट माझ्या हातावर ठेवून तो पुढच्या सीटकडे सरकला. आणि माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला असेल? 'अरेरे' नाही. 'सुटलो'. हो, सुटलो! महिना होऊन गेला, पण तो शब्द काही मला सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. पुरवणीत गोड गोड आठवणी वाचायची सवय असलेल्यांनी हा मजकूर ओलांडून पुढे गेलं तरी माझी हरकत नाही.

गावात शोकसभा झाली. 'ध्येयवेडा संशोधक', 'समुद्रपूरचं भूषण'... ऐकून कान किटले. हेच लोक हयातभर त्यांना 'दगड्या' म्हणत, आणि यातल्या एकानेही कधी त्यांच्या घरी जाऊन ते दगड पाहिले नव्हते. शेवटी मलाही उभं केलं. मी म्हणालो, "मारोतराव माझे जिवलग मित्र होते." दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. मी खाली बसलो आणि चहा घेतला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गिरडच्या बाजूला एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, टेंपररी. रोज सकाळची गाडी मारोतरावांची. गळ्यात कातडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत दगड. आमच्याकडे विहीर खणली की सुरुंगाच्या मलब्यात चमकणारे दगड निघतात, लोक ते बांधावर फेकून देतात. मारोतरावांच्या रस्त्यावरचे लोक मात्र फेकत नसत. हात दाखवून गाडी थांबवायचे, चढायचं कोणालाच नसायचं, खिडकीतून दगड आत यायचा. "कंडक्टरसाहेब, पाहा बरं, हा हिरा तर नाई?" ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा. दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीत निकाल मिळे. आधी नखाने ओरखडा, मग चाकूने, मग काचेवर. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून उतरलेला रंग पाहायचा. नाकात टाकायच्या औषधाच्या जुन्या बाटलीतून ॲसिडचा एक थेंब सोडायचा, फसफसला तर कॅल्साइट. "हिरा नाई बापू, गारगोटी हाये. पण चांगल्या घरची हाये, फेकू नोको."

त्यांच्याजवळ नागपूरच्या रद्दीतून आणलेलं खनिजांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, शेवटची पानं नसलेलं. "मास्तर, एवढं वाचून सांगा ना," म्हणून एकदा माझ्या शेजारी टेकले, तिथून आमची दोस्ती. मी वाचायचो, ते मराठीत उतरवून घ्यायचे. त्यांची ती लांब वही, पट्टीने रेघा मारलेली: नंबर, कुठे सापडला, किती खोल, रंग, कठीणपणा, नाव आणि शेवटी शेरा. शेऱ्यात दगडाचा पत्ता. दगड कोणाला पाहायला दिला असेल तर पत्ता पेन्सिलीने, परत आला की खोडायचा. कायमचा गेला असेल तर शाईने. आणि नावाच्या बाबतीत तर हा माणूस भलताच कडक, हातात घेऊन तपासल्याशिवाय लिहायचाच नाही. मी कधी घाई केली तर म्हणत, "अंदाजानं नाव ठेवाले तो काय कुत्रा हाये, मास्तर?"

गिरडच्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड मिळतात. फकीरबाबाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, असं तिकडे सगळे सांगतात. मी एकदा हसलो तर मारोतराव चिडले. वहीत त्यांनी 'लोकांचं नाव: सुपारी' असं आधी लिहिलं होतं आणि पुस्तकातलं नाव त्याच्या खाली. "हसून काय राह्यले? ज्यानं पह्यले नाव ठेवलं, त्याचा मान असते."

दोनशे सतरा नंबरचा दगड गिरडच्या पुढच्या एका विहिरीतून आला, चाळीस हातांवरून. ओंजळीत मावेल एवढा. तळाशी फिकट गुलाबी पापुद्रे, पंखे उघडून ठेवल्यासारखे, आणि त्यांवर उभे हिरवट चौकोनी मनोरे, पाण्यासारखे स्वच्छ. मारोतराव महिनाभर त्याच्यामागे होते. पुस्तकात काही सापडेना, कदाचित त्या नसलेल्या पानांत असेल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा नावाचा रकाना कोरा राहिला आणि माणूस जेवेना. "मास्तर, तुमी नागपूरले चालले ना? कॉलेजात दाखवा कोणाले. फक्त नाव घेऊन येजा." फक्त नाव! दगड दिला तो पेढ्याच्या रिकाम्या डब्यात, खाली-वर सरकीसकट कापूस दाबून, लाल-पांढरा दोरा बांधून. "मनोरा मोडू देजा नोका," हे तीनदा सांगितलं.

नागपूरला मी माझ्याच कामाने चाललो होतो. संस्थेचे सचिव तिथे राहत. सात वर्षं मी टेंपररी, घरी बायको रोज विचारणार, ऑर्डरचं काय झालं. म्हटलं, आधी सचिवांकडे जाऊ, मग कॉलेजात. बेल वाजवली, दार सचिवांच्या बाईंनी उघडलं. येणारा प्रत्येक मास्तर हातात डबा घेऊन येतो, हे त्या घराला पाठ. मी चपला काढायच्या आत त्यांनी माझ्या हातातला डबा घेतलासुद्धा. "कशाला हो उगाच!" म्हणत आत गेल्या. मी म्हणालो, "अहो, तो..." बस, एवढंच म्हणालो. आतून त्या ओरडल्या, "अय्या! अहो, बघा तरी यांनी काय आणलंय!" सचिव उठून आत गेले आणि दगड तळहातावर घेऊन बाहेर आले. सात वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा 'बसा' म्हटलं.

"कुठून मिळवलात हो?"

"आमच्याकडे विहिरीत निघतात."

"तुम्हाला छंद दिसतो."

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'वर मी पर्मनंट झालो. 'हा माझा नाही', तीन शब्द होते. जगाला भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला आपल्या आईच्या भाषेतले तीन शब्द जमले नाहीत! शोकेसमधली एक बाहुली सरकवून बाईंनी दगडाला जागा केली, आणि मी कौतुकाने पाहत उभा. गिरडच्या त्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला होता, माझ्या हातात दगडाचा माल झाला. कॉलेजात मी गेलोच नाही. जाऊन दाखवणार काय होतो?

मग सुरू झालं ते. "मास्तर, भेटलं काय नाव?" प्रोफेसर बाहेरगावी आहेत. लॅबमध्ये दिलाय. परीक्षा चालू आहेत तिकडे... खोटं बोलायला मी इतका सरावलो की गाडी दिसली की उत्तर तयार. आणि मारोतराव वर मलाच धीर द्यायचे, "घाई नाई. मोठे लोक हायेत, त्याईले कामं असतात."

ऑर्डर हातात आली त्या दिवशी मी गाडीत पेढे वाटले. त्याच दुकानाचा डबा, तोच लाल-पांढरा दोरा. घेताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही, इतका मी खुशीत होतो. मारोतरावांनी आधी पेढा घेतला नाही. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऑर्डरचं कधी ठरलं म्हणता?"

"नागपूरला गेलो होतो ना... तेव्हाच शब्द दिला सचिवांनी."

"त्याच दिवशी?"

"हो."

त्यांनी डब्याचा दोरा बोटाला गुंडाळून खिशात टाकला, दोरा ते कधी वाया जाऊ देत नसत. पेढा उचलला, अर्धा मोडून तोंडात टाकला. "गोड हाये," म्हणाले आणि घंटीची दोरी ओढली. त्यानंतर त्यांनी नाव विचारलं नाही. दहा-बारा वर्षं आम्ही त्याच रस्त्याने ये-जा केली, ते रिटायर झाल्यावर स्टँडवरच्या हॉटेलात रोज चहा घेतला, पण नाव नाही विचारलं. विचारत होते तेव्हा बरं होतं हो! भर गाडीत आई-बहिणीवरून शिवी घातली असती, गचांडी धरून खाली उतरवलं असतं तरी चाललं असतं. एवढा चांगुलपणा कोणी कोणावर करू नये, त्याने माणूस सडतो.

तेरवीला गेलो तेव्हा वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. भिंतभर फळ्या, एकेका दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर. दोनशे सोळा, मग मूठभर पिवळा पडलेला कापूस, मग दोनशे अठरा. "ते जागा भरू नाई दिली त्याईनं," वहिनी म्हणाल्या. "म्यां म्हटलं, काऊन रिकामी ठेवता? तर म्हणे, राहू दे, मास्तर आणून राह्यले." मग वही माझ्या हातात दिली. "भाऊजी, आता तुमीच लिहा त्याच्यात नाव." आणि मी घेतली. याही वेळी तीन शब्द जमले नाहीत.

मागच्या आठवड्यात वही घेऊन नागपूरला गेलो, या वेळी थेट कॉलेजात. तिथल्या प्रोफेसर बाईंनी दोनशे सतराचं वर्णन दोनदा वाचलं. "किती नेमकं लिहिलंय! कोण होते हे?" म्हटलं, एसटीत कंडक्टर होते. त्या म्हणाल्या, "दोन-तीन नावं संभवतात. दगड आणा, पाच मिनिटांत सांगते." पाच मिनिटं! सचिव कधीचे वारले, बंगला पाडून तिथे फ्लॅट झाले, शोकेसचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. तीनपैकी एखादं नाव लिहून वहिनींना दाखवता येईल, त्यांना काय कळणार? पण अंदाजाने नाव ठेवायला तो काय...

वहिनी, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल. वही माझ्या टेबलावर आहे, उद्या आणून देतो. नावाचा रकाना कोराच आहे. शेऱ्याचा रकाना मात्र मी काल पहिल्यांदा नीट पाहिला, खिडकीजवळ नेऊन. तिथे एकच शब्द आहे, 'मास्तरकडे'. खाली पेन्सिलीची पुसट अक्षरं दिसतात. वरून त्यांनी ती शाईने गिरवली आहेत.